दोन इंच फोम आणि उभा माणूस

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली आणि इकडे कणकवली-कुडाळच्या बाजूला एक जुनं भांडण नव्याने पेटलं. चहाच्या टपरीवर, वाचनालयाच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार माणसं जमली तिथे तेच. एक बाजू म्हणते, सदतीस हजार कोटी जमिनीखाली पुरले, मुंबईकरांना थंडगार चकचकीत डबे दिले आणि आमचा मुंबई-गोवा महामार्ग २०११ साली खणायला घेतला तो अजून खणतातच आहेत. दुसरी बाजू म्हणते, सारखं रडू नका, जागतिक दर्जाचं काही आपल्या राज्यात उभं राहिलं याचा अभिमान बाळगा. पहिल्या बाजूचा राग खरा आहे आणि दुसऱ्या बाजूचा अभिमानही खोटा नाही. पण दोघंही डब्याच्या आत डोकावत नाहीत. तो डबा आतून तसा का आहे, कोणाला डोळ्यांसमोर ठेवून तो आखला आणि त्यासाठी सगळ्यांच्या खिशातला पैसा का जावा, हे कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डबा आतून कसा असावा हा चैनीचा विषय नाही. सार्वजनिक पैसा कुठे जावा याच्या यादीत तो फार वर यायला हवा. मेट्रोच्या डब्यावर झालेला खर्च मला खुपत नाही. खुपतं ते हे की ज्या नियमाने तो डबा आखला, तो नियम रोह्याच्या खाली, कोकण रेल्वेच्या मार्गावर, उतरत नाही. कोकणाने मेट्रोचे पैसे मागण्यात अर्थ नाही. मेट्रोच्या डब्यामागचा नियम मागावा.

तो नियम कोणता, हे मला माझ्या आतेमुळे उमगलं. तिचं वय सत्तरीच्या पुढे. पन्नास वर्षं गिरगावात दोन खोल्यांत काढली, आता मुलाकडे नालासोपाऱ्याला असते. तिला सिद्धिविनायकाला जायचं होतं आणि जुनी चाळ एकदा बाहेरून तरी बघायची होती, म्हणून आम्ही गिरगाव स्टेशनात उतरून भुयारी गाडी धरली. डब्यात बसायला जागा नव्हती. मला वाटलं ती काचा बघेल, गारव्याचं काही बोलेल. तिने हात वर केला, तिच्या उंचीला पुरणारी कडी धरली आणि म्हणाली, "अरे, धरूक जागा आसा हयसर." दोन स्टेशनांनी एका मुलाने उठून तिला जागा दिली, पण तिच्या तोंडून निघालेली पहिली गोष्ट ती होती. आयुष्यभर मुंबई ते गाव असा प्रवास केलेल्या बाईला पहिल्यांदा दिसलं काय, तर उभ्या माणसाचा कोणीतरी विचार केला आहे.

मेट्रोचा डबा आखताना उभा माणूस हिशेबात धरलेला असतो. दर चौरस मीटर जागेत सहा जण उभे राहतील असं मानून क्षमता काढण्याची रीत आपल्याकडच्या मेट्रोंत आहे. त्या भुयारी मार्गावरच्या आठ डब्यांच्या गाडीत सुमारे अडीच हजार माणसं मावतात असं धरलं आहे आणि त्यातली बहुतेक उभीच राहणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर आहे. म्हणून आसनं भिंतीला लागून लांबीने लावली, मधली जागा मोकळी ठेवली, खांब आणि कड्या दिल्या, एका डब्यातून दुसऱ्यात सरळ चालत जाता यावं म्हणून मधले जोड उघडे ठेवले, चाकाच्या खुर्चीसाठी जागा राखली. आणि दुसरी गोष्ट, जी मला पहिलीइतकीच मोलाची वाटते: त्या गाडीत वर्ग नाहीत. १० रुपयांचं तिकीट काढलेला आणि ७० रुपयांचं काढलेला एकाच खांबाला धरून उभे असतात.

आता आपल्या कोकणातल्या गाडीचा अनारक्षित डबा घ्या. जुन्या पद्धतीच्या डब्यात ९० आसनं, नव्या एलएचबी डब्यात १००. हिशेब तिथे संपतो. एकशेएकावा माणूस कागदावर नाही, त्यामुळे त्याच्यासाठी डब्यात काही नाही. तो धरतो काय? सामानाच्या फळीची कड, आसनाची पाठ, नाहीतर शेजाऱ्याचा खांदा. गौरी-गणपती उरकल्यावर परतीच्या गाड्यांत तांदळाचं गाठोडं, नारळाचं पोतं आणि कडेवर मूल घेऊन संडासाच्या दाराशी बसलेल्या बायका दरवर्षी दिसतात. त्यांची गर्दी कोणाला अनपेक्षित आहे का? पंचांग वर्षभर आधी छापून होतं. दिवा ते सावंतवाडी जवळजवळ अख्खा दिवस जातो. मेट्रोत वीस मिनिटं उभं राहणाऱ्याला कडी मिळते आणि अख्खा दिवस उभं राहणाऱ्याला मिळत नाही. मला वाटतं, या वादातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे आणि मी तो कोणाच्याच तोंडून ऐकला नाही. २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा अशी मोटारी वाहून नेणारी रेल्वेसेवा सुरू झाली. वॅगनवर मोटार हलू नये म्हणून ती कशी आवळून बांधायची, याचा विचार झाला होता आणि तो व्हायलाच हवा होता. तेवढाच विचार उभ्या माणसाचा व्हावा, एवढंच मागणं आहे.

"आमचा पैसा मुंबईच्या डब्यांवर उधळला" हे गाऱ्हाणं मी नीट तपासून पाहिलं. भुयारी मेट्रोचा खर्च मूळ अंदाजात २३ हजार कोटींच्या घरात होता, तो ३७ हजार कोटींवर गेला. त्यातला मोठा हिस्सा जायका या जपानी संस्थेच्या कर्जाचा आहे. ते कर्ज फेडायचं आहे, हे मान्य. पण मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे घर विकत घेणारा माणूस मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या १ टक्का मेट्रो अधिभार भरतो, कणकवलीत घर घेणारा भरत नाही, हेही मान्य करायला हवं. आणि डब्यांचं म्हणाल तर २०१८ साली २४८ डब्यांचा करार झाला तो साधारण साडेएकतीस कोटी युरोचा, म्हणजे त्या वेळच्या दराने अडीच हजार कोटींच्या आसपास. एकूण खर्चाच्या शंभर रुपयांतले सात. त्या सातांतही मोटर, चाकं, ब्रेक, वातानुकूलन सगळं आलं. आसन, कडी, खांब, दिवा, पाटी यांच्या वाट्याला किती उरलं असेल? खरा पैसा बोगद्यांत आणि स्थानकांत गेला. मेट्रोवर रागवायचं असेल तर वाढलेल्या अंदाजांवर रागवा, आरेतल्या झाडांवरून झालेल्या वादावर बोला. प्रवाशाच्या अंगाला जे लागतं ते या सगळ्यात स्वस्त होतं.

हे आतेच्या गिरगावालाही लागू आहे. ही मेट्रो गिरगाव, काळबादेवी, दादर अशी जाते, म्हणजे दोन-तीन पिढ्यांच्या चाकरमान्यांच्या वस्त्यांखालून. पण ती आली तेव्हा तिथला कोकणी माणूस बहुतेक उठून विरार, नालासोपारा, डोंबिवली, दिव्याला गेला होता. त्याला रोज लोकलच लागते. चर्चगेट ते अंधेरी लोकलचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट १० रुपये आहे. त्या मानाने मेट्रो महाग आहे, आणि ती पैसेवाल्यांची गाडी आहे असं म्हणणाऱ्याला मी खोडून काढणार नाही. उलट त्याचं बोट धरून पुढे जाईन: मग तीच हवा, तेच मिटणारं दार १० रुपयांच्या गाडीत का नको?

विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा असा की आधी गाड्या वाढवा, मार्ग दुहेरी करा, मग आतली सजावट बघा. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी सगळीकडे समोरच्या गाडीसाठी वाट बघत थांबायचं. उशाला आग लागलेली असताना उशीचा अभ्रा कसला बदलता, असं मला एका स्नेह्यांनी ऐकवलं. त्यांचं दुखणं मला कळतं. दुहेरीकरण हवंच, आणि ते डब्यांच्या आधी हवं असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण या मुद्द्यात एक चूक दडली आहे. डब्याच्या आतला भाग म्हणजे सजावट, हे यात आधीच गृहीत धरलेलं आहे.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली आणि काही जिवानिशी गेली. त्यानंतर रेल्वेने काय जाहीर केलं? बिगरवातानुकूलित लोकललाही आपोआप मिटणारी दारं बसवू, दारांना हवा येणाऱ्या झडपा ठेवू, छतावरून हवा आत ओढू, डबे एकमेकांना जोडू. सगळे उपाय डब्याच्या रचनेतले आहेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली, ३ फेब्रुवारी १९२५ ला पहिली विजेची गाडी कुर्ल्याला गेली आणि दाराचा प्रश्न २०२५ मध्ये माणसं मेल्यावर धसाला लागतोय. इतकी वर्षं दार ही सजावट होती का? २००७ साली जागतिक बँकेच्या कर्जातून नव्या लोकल आल्या, त्यांच्या छतावर हवा खेळवणारे पंखे होते. गर्दीत आतली हवा किती कोंडते याचा विचार करून ते बसवले होते. ज्यांनी जुन्या डब्यातून मे महिन्यात डोंबिवली गाठली आहे त्यांना तो फरक अंगावर आठवेल.

कोकणाला तर हा धडा याहून जुना आणि याहून कडू आहे. आपल्या आज्यांची पिढी आगबोटीने गावी यायची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. बोट बुडाल्याचं मुंबईला कळायलाच कितीतरी तास गेले. जीव वाचवायची साधनंही माणसांच्या मानाने अपुरी होती. बोट म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बाकी आत काय ठेवायचं ते खर्चाकडे बघून ठरवायचं, या हिशेबाची किंमत रायगडच्या गावागावांनी मोजली. ज्याला आपण आतलं सामान म्हणतो, त्याच्याच जोरावर माणूस पलीकडे पोचतो. हे कोकणाने इतरांना सांगायला हवं होतं.

दुसरा मुद्दा असा येतो की आपल्या लोकांना चांगलं दिलं तर टिकत नाही. याला उदाहरण आहे आणि ते आपल्याच मार्गावरचं आहे. २२ मे २०१७ ला मुंबई-गोवा तेजस एक्सप्रेस निघाली, प्रत्येक आसनासमोर पडदा होता. पहिल्याच फेरीनंतर काही हेडफोन नाहीसे झालेले आणि काही पडदे ओरखडलेले आढळले. त्या बातमीने मला आजही लाज वाटते. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तो निष्कर्ष सान फ्रान्सिस्कोवाल्यांना लावून बघा. तिथली बार्ट मेट्रो १९७२ साली सुरू झाली ती लोकरी कापडाची आसनं आणि खाली गालिचे घेऊन. मोटारवाल्यांना गाडीत ओढायचं होतं. पुढे ते कापड इतकं मळलं की २०११ मध्ये आसनांत सापडलेल्या जंतूंची चर्चा झाली आणि मग पुसता येणारी आसनं बसवली. तिथली माणसं असंस्कृत ठरली का? चुकलं ते वस्तू निवडणाऱ्यांचं. लंडनने हाच प्रश्न फार आधी सोडवला होता. १९३३ मध्ये तिथली भुयारी रेल्वे सार्वजनिक मंडळाकडे आली आणि त्या दशकात मंडळाने एनिड मार्क्ससारख्या चित्रकर्तीकडून आसनांच्या कापडाची नक्षी करून घेतली. मळ दिसू नये, रोजची झीज सोसावी आणि डोळ्यांना बरं वाटावं, अशी ती नक्षी असायची. सरकारी पैशातून उत्तम चित्रकर्तीला काम दिलं आणि त्यावर बसला कोण, तर रोजचा कामगार. याला उधळपट्टी म्हणणारा मला भेटायचा आहे.

न्यूयॉर्कचा अनुभव तर पाठ करून ठेवावा असा आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथले डबे आतून-बाहेरून रंगवून बरबटलेले असत. १९८४ मध्ये त्यांनी ठरवलं की एकदा स्वच्छ केलेली गाडी पुन्हा रंगवलेली दिसली तर ती पुसल्याशिवाय मार्गावर जाणारच नाही. शिक्षा, फलक, उपदेश यांच्या जोडीला हा एक नियम हट्टाने पाळला. १२ मे १९८९ ला शेवटची बरबटलेली गाडी मार्गावरून काढली. माणसं तीच होती, शहर तेच होतं. मोडलेली वस्तू मोडकीच राहू दिली की तिच्यावर कोणाचीच माया उरत नाही. आपल्याकडे फाटलेलं रेक्झिन वर्षभर तसंच राहतं, मग त्यातला काथ्या कोणीतरी उपसतो आणि दोष त्या उपसणाऱ्या पोराला लागतो.

तिसरा मुद्दा पैशाचा: ज्याला सोय हवी त्याने भाडं द्यावं, सगळ्यांच्या करातून का? २०१६ पासून रेल्वेच्या तिकिटांवर छापून यायला लागलं की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम रेल्वेला वसूल होते. तिकीट हातात घेणाऱ्याला ते वाचून आपण फुकटे आहोत असं वाटावं. मला एक विचारायचं आहे. महामार्गावरून मोटार नेणाऱ्याला कोणी अशी चिठ्ठी देतं का, की तुमच्या पथकरातून या रस्त्याचा, घाटाचा, पुलाचा, अपघातग्रस्तांच्या खाटेचा किती टक्के खर्च निघाला? त्यातून कोकणच्या प्रवाशाची गोष्ट आणखी वेगळी. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा निम्म्याहून किंचित जास्त भांडवल रेल्वेचं आणि २२ टक्के महाराष्ट्राचं होतं. उरलेलं भांडवल कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचं. त्यावर लागणारा पैसा मुख्यतः कर्जरोख्यांतून उभा केला. ते फेडायचं म्हणून प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरून भाडं आकारायची पद्धत पडली. म्हणजे रत्नागिरीचा माणूस वर्षानुवर्षं तेवढ्याच किलोमीटरना इतरांपेक्षा जास्त मोजतो आहे. सवलतीवर जगणारा म्हणून त्याला गप्प बसवता येत नाही.

आणि जास्त भाडं भरणाऱ्याला जास्त सोय, हा न्यायही तपासायला हवा. १९१७ साली गांधीजींनी मुंबई ते मद्रास तिसऱ्या वर्गाने प्रवास केला. २२ जणांच्या डब्यात एका रात्री बहुतेक वेळ ३५ जण कोंबलेले होते असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचा पुढचा सवाल हिशेबी होता: पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटींहून जास्त, मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी सोय मिळते का? शंभर वर्षांनी हा सवाल अनारक्षित डब्याला जसाच्या तसा लागतो. भाड्याच्या प्रमाणात कमी सोय कोणीही सोसेल. पण कडी, पाणी आणि बसता येईल असा संडास या गोष्टी प्रमाणात वाटायच्या नसतात. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर 'चौथी सीट' मागून अर्ध्या मांडीवर बसणारा आणि पहिल्या वर्गात कितीतरी पट भाडं देऊन बसणारा, दोघंही त्याच गाडीने त्याच वेळेला पोचतात. पहिल्या वर्गात विकत मिळते ती मुख्यतः इतर माणसांची गैरहजेरी. पॅरिसच्या मेट्रोतही तेच होतं, मधला एक डबा पहिल्या वर्गाचा. १९९१ मध्ये त्यांनी तो बंद केला. लंडनची १८६३ सालची पहिली भुयारी गाडी तीन वर्गांची होती. कोलकात्याने १९८४ मध्ये आणि दिल्लीने २००२ मध्ये मेट्रो सुरू केली ती एकाच वर्गाची. स्वतंत्र भारताने इथे इंग्रजांचा कित्ता गिरवला नाही, याचं श्रेय आपण स्वतःला कधी दिलंच नाही. अलीकडे दिल्ली-मेरठच्या नमो भारत गाडीत प्रीमियम डबा आला आहे. ते पाऊल उलट्या दिशेचं आहे, असं मला वाटतं.

या सगळ्या विषयात कोकणाकडे स्वतःचा एक माणूस आहे आणि वादात त्याचं नाव कोणी घेत नाही, याचं मला खरंच दुःख होतं. मधु दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा राजापूरचे खासदार होते. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्या होत्या. रात्रभर त्या फळीवर पाठ टेकलेल्या माणसाला सकाळी कूस बदलता येत नसे. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला लावला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस निघाली, ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. पहिल्या वर्गाची सोय त्यांनी हिसकावून घेतली नाही, दुसरा वर्ग वर आणायचा हे त्यांचं धोरण होतं. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच असतील की आधी गाड्या वाढवा, फोम कोणी कापून नेईल, खर्च कोण भरणार. तो फोम राहिला. पुढे देशभर पसरला. आज देशात स्लीपरने प्रवास करणारा प्रत्येक माणूस राजापूरच्या त्या खासदाराच्या दोन इंचांवर झोपतो आणि बहुतेकांना ते माहीतही नाही. एखाद्या बोगद्याचं उद्घाटन इतक्या पाठींना कधी लागलं असेल?

त्याच राजापूरमधून पुढे निवडून गेलेले सुरेश प्रभू २०१४ मध्ये रेल्वेमंत्री झाले. त्यांनी २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तेजस जाहीर केली आणि त्याच भाषणात दीनदयालू डबेही जाहीर केले: अनारक्षित प्रवाशाला पिण्याचं पाणी, मोबाइल चार्ज करायची सोय. दोन्ही कल्पना एकाच मंत्र्याच्या, म्हणून हेतूवर मी शंका घेणार नाही. पण कोकणच्या मार्गावर गाजावाजा कोणाचा झाला? तेजसचा, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये जनशताब्दीला जोडलेल्या काचेच्या छताच्या डब्याचा, ज्यात खुर्ची गोल फिरते आणि उक्षीचा डोंगर बसल्या जागी दिसतो. तो डबा चांगला आहे. पर्यटक येतात, पैसे देतात, मी त्याच्या विरोधात नाही. मात्र डोंगर बघायला छत काचेचं करण्याइतकी कल्पकता आणि हिंमत आपल्या कारखान्यांत असेल, तर शंभर आसनांच्या डब्यात पन्नास कड्या टांगणं त्यांच्या आवाक्याबाहेर कसं? ३० डिसेंबर २०२३ ला अमृत भारत गाड्या निघाल्या, त्यांच्या साध्या डब्यांतही गादीची आसनं आणि मोबाइल ठेवायला जागा आहे. म्हणजे जमत नाही असं काही नाही.

अभिमानवाल्यांनाही एक सांगायचं आहे. "जागतिक दर्जा" हा शब्द ते वापरतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर स्थानकाचं उंच छत आणि चमकणारी फरशी असते. मॉस्कोची मेट्रो १९३५ मध्ये सुरू झाली, संगमरवर आणि झुंबरं लावलेली स्थानकं म्हणजे जनतेचे महाल असा गाजावाजा झाला, आणि त्या महालातून घरी जाणारं कुटुंब एका खोलीत, चार घरांत मिळून एक चूल अशा अवस्थेत राहत होतं. डोळ्यांना दिपवणारं आणि अंगाला लागणारं यांत फरक असतो. टोकियोच्या गाड्यांत कड्या वेगवेगळ्या उंचीवर टांगलेल्या असतात, बुटक्यालाही पोचाव्यात म्हणून. म्हाताऱ्या-अपंगांसाठी राखीव आसनं तिथे १९७३ पासून आहेत. या दोन गोष्टींना सदतीस हजार कोटी लागत नाहीत. मेट्रोचा अभिमान बाळगायचा तर आतेच्या हाताला लागलेल्या त्या कडीचा बाळगा, आणि मग ती कडी दिवा स्टेशनात का थांबली असं विचारा.

विचारायची वेळही आत्ताच आहे. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये संमती दिली. विलीनीकरणाच्या बोलण्यांत मालमत्ता, कर्ज, कर्मचारी यांच्या याद्या होतील, नवी स्थानकं आणि दुहेरीकरण यांची मागणी होईल, ती व्हायलाच हवी. त्या यादीत डब्याचं पान घालायला आपल्या लोकप्रतिनिधींना सांगू या. जास्त धरलेलं अंतर रद्द करा. अनारक्षित डब्याची क्षमता लिहिताना उभ्या माणसांचाही आकडा लिहा, आणि तो आकडा ओलांडला की जादा डबा किंवा जादा गाडी सोडण्याचं बंधन घालून घ्या. गणपती, शिमगा आणि मे महिना यांसाठी दारालगतची आसनं उचलून ठेवता येतील अशी करा, म्हणजे गाठोडी आणि माणसं दोन्ही मावतील. आणि लोकसभेत रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वतीने एक साधा प्रश्न टाका, ज्याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागेल: कोकणात धावणाऱ्या अनारक्षित डब्यांपैकी प्रत्येकात उभ्या प्रवाशाला धरायला किती कड्या आहेत?